गडद बोटाचा आकडा

माझी ताई फुलांच्या बाजारात जुड्या मोजते. बोटांनी नाही, तोंडाने. समोरच्या पट्ट्यावरून जुड्या सरकत येतात आणि ही "एक, दोन, तीन" करत थेट पन्नासावर जाऊन थांबते. मध्ये श्वास घ्यायचा नाही. श्वास घेतला की एखादी जुडी डोळ्यांदेखत निसटते आणि पन्नासच्या खोक्यात एकोणपन्नास जातात, असं तिथल्या जुन्या बायकांचं म्हणणं. एकवीस वर्षं ती हे करतेय. तिचा दम हेच तिचं हत्यार.

म्हणून त्या मंगळवारी दुपारी ती पलंगावर चार उशांना टेकून बसलेली दिसली, तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावण्याच्या भानगडीत पडलेच नाही. सर्दी-तापाला पाच दिवस झाले होते. मी म्हटलं, "मोज बघू."

"काय मोजू?" ती म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "तुझी अक्कल?"

"ती एकात संपते. तू पुढे मोज."

तिने सुरुवात केली. नवावर खोकला आला. परत सुरुवात केली. परत नऊ.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "भावोजी, गाडी काढा!"

भावोजी गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीच्या टपावर मोठी पाटी आहे आणि त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. तो ब्रेक दाबून दाबून त्यांचा उजवा पाय असा झालाय की पलंगावर झोपल्यावरही तो मधूनच खाली दबतो. सगळ्या जगाला ते "सावकाश, सावकाश" म्हणत असतात. त्या दिवशी मात्र त्यांनी गाडी अशी हाणली की टपावरची पाटी बघून रस्त्यातले लोक जीव मुठीत धरून बाजूला पळाले. शिकाऊच कोणीतरी सुटलंय असं त्यांना वाटलं असणार.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी आणि ताई काळ्या आहोत. सावळ्या नाही, निमगोऱ्या नाही, "रंग जरा कमी पण नाकीडोळी नीटस" तर मुळीच नाही. काळ्या. आमचे लोक नदीपलीकडचे, सगळे असेच. भावोजी अलीकडचे. पिठासारखे पांढरे, उन्हात दहा मिनिटं उभे राहिले की लालबुंद होतात. लग्न झालं तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी तोंडं वाकडी केली, मग भाची झाली आणि तिला बघायला येता येता सगळ्यांची तोंडं सरळ झाली.

दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने ताईकडे बघितलं आणि विचारलं, "पलीकडच्या का?"

"दिसतंय की," मी म्हटलं. "कागदावर कशाला लागतं ते?"

"रकाना आहे," तो म्हणाला. रकाना आहे म्हटल्यावर विषय संपला. "त्रास काय?"

आता इथे आमच्या घराण्याचा दोष. आमच्या बायका कशालाही "थोडं" म्हणतात. आमच्या आईने स्वयंपाकघराला आग लागली तेव्हा शेजारणीला हाक मारून "थोडा धूर झालाय" असं कळवलं होतं. तीन बंब आले होते तो धूर विझवायला. ताई त्याच आईची मुलगी.

"थोडा," ती म्हणाली. "दम लागतोय."

त्याने लिहिलं: थोडा दम. आणि हिरवी चिठ्ठी फाडून दिली. हिरवी म्हणजे बसा. पिवळी म्हणजे बोलावतो. लाल म्हणजे पळा.

"थोडा नाही हो," मी म्हटलं. "बाईला नवाच्या पुढे मोजता येत नाहीये."

"शाळेचं काम इथे होत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मागच्या रांगेतले दोघंही हसले. मी चिठ्ठी घेतली. त्याच्या खिडकीची काच जाड होती, नाहीतर ही गोष्ट वेगळ्याच दवाखान्यात, वेगळ्याच पेशंटची झाली असती.

बाकावर बसलो. भावोजी गाडी लावून धावत आले. जिने चढून आल्याने त्यांचा ऊर धपापत होता. ते ताईसमोर उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हुश्श."

झालं. समोरून जाणारी एक नर्स थबकली. "छातीत दुखतंय का?"

"नाही, नाही. जिना..."

"डाव्या हातात? जबड्यात?"

"अहो मी आजारी नाही. आजारी ही..."

चार मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते. चार मिनिटांत भावोजी आडवे झाले, शर्टाची बटणं उघडली, छातीला आणि हातापायांना मिळून दहा वायरी चिकटल्या. पडद्याआडून त्यांचा आवाज येत होता, "अहो सिस्टर, ऐका तरी! आजारी माझी बायको आहे! बाहेर बाकावर आहे! काळी साडी नाही, काळी ती स्वतः आहे! निळी साडी!" आणि नर्स त्यांना समजावत होती, "बोलू नका, आलेख बिघडतो."

आलेख उत्तम आला. हृदय ठणठणीत. फक्त उजवा पाय दर दोन सेकंदांनी खाली दबत होता, त्याने कागदावर बारीक लाटा उठल्या. त्यावर वेगळी चर्चा झाली.

ताई बाकावर बसून हसायला लागली. हसताना खोकला आला, खोकताना श्वास अडकला आणि तिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की माझं हसू जागच्या जागी मेलं. तिचे ओठ मी जवळून बघितले. आमच्या ओठांचा रंग बदललेला परक्याला कळत नाही. मला कळला.

आमच्याबद्दल इथे दोन समज आहेत. एक, पलीकडच्यांची कातडी जाड, त्यांना दुखणं कमी लागतं. दोन, पलीकडचे दुखण्याचा कांगावा फार करतात. ही दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून लागोपाठ ऐकलेली आहेत. अरे बाबा, दुखतच नाही तर कांगावा कशाचा करतो आम्ही? दोन्हीपैकी एक खोटं निवड आणि त्याला तरी धरून राहा. त्यात आम्ही बायका. बाईचं दुखणं म्हणजे आधी स्वभाव असतो, मग वय असतं, मग घरचा ताण असतो, आणि हे सगळं संपलं की मग कधीतरी आजार असतो. तोवर बाई शिल्लक असली तर.

पन्नास मिनिटांनी आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर कोवळा होता, हसरा होता, दुष्ट अजिबात नव्हता. हे मुद्दाम सांगते. दुष्ट असता तर काम सोपं होतं.

नर्सने ताईच्या बोटाला चिमटा लावला. कपडे वाळत घालायचा असतो तसाच, फक्त आत लाल दिवा. आकडा आला चौऱ्याण्णव.

"छान," डॉक्टर म्हणाला. "रक्तात प्राणवायू भरपूर आहे. ब्याण्णवच्या खाली असता तर ठेवून घेतलं असतं." त्याने छातीला नळी लावली. साडीवरूनच, दोन ठिकाणी, आणि लावता लावता भावोजींना विचारत होता की त्याच्या पुतणीला गाडी शिकवायला किती दिवस लागतील.

"पंधरा," भावोजी म्हणाले. "पण हिचं काय?"

"घरी काही ताण?" हेही भावोजींनाच.

"तिला विचारा ना. तिला तोंड आहे."

डॉक्टर ताईकडे वळला आणि लहान मुलीशी बोलावं तसं मान वाकडी करून बोलला, "काही काळजी वाटते का? घाबरल्यासारखं? बायकांना या वयात होतं असं."

"कुठल्या वयात?" मी विचारलं.

"चाळिशीत."

"आणि तिशीत?"

"तिशीतही होतं, पण कारणं वेगळी असतात."

"आणि साठीत?"

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "आपण कोण?"

"धाकटी बहीण. डॉक्टर, ही एका दमात पन्नास मोजते. आज नऊ मोजते. ताई, दाखव."

ताईने मोजलं. या वेळी सात. डॉक्टरने समजूतदारपणे मान हलवली. "घाबरल्यावर श्वास असाच तोकडा होतो. यंत्र बघा ना, चौऱ्याण्णव. यंत्र खोटं बोलत नाही." त्याने कागदावर शक्तीची गोळी लिहिली आणि झोपेची गोळी लिहिली. "आज गाढ झोपू दे. उद्या बघा, फरक पडेल."

झोपेची गोळी. जिला जागेपणी सातपर्यंत श्वास पुरत नाही तिला झोपवा म्हणे. फरक पडला असता, यात शंकाच नाही.

डॉक्टर पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेला. नर्स चिमटा काढायला लागली तेव्हा मी तिला विचारलं, "बाई, हा मोजतो कसा?"

ती थकलेली होती, पण शहाणी होती. म्हणाली, "बोटातून उजेड जातो. पलीकडे किती पोचला ते बघून तो हिशोब करतो."

माझे कान टवकारले. कारण मी रंगाच्या दुकानात रंग मिसळते, आणि आमच्याकडेही नेमकं असंच यंत्र आहे. भिंतीचा तुकडा त्याच्यापुढे धरायचा, ते उजेड टाकतं, परत किती आला ते मोजतं आणि सांगतं: अमुक रंग इतके थेंब, तमुक इतके. रोज सकाळी दुकान उघडलं की त्या यंत्राला पांढरी फरशी दाखवायची, मग काळी डबी दाखवायची. याला यंत्र शून्य करणं म्हणतात; दोन्ही दाखवल्याशिवाय ते चालवायचं नाही. आणि एवढं करूनही आमच्या मालकीणबाईंनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: गडदाला पट्टी. म्हणजे फिक्या रंगाला यंत्राचा शब्द चालेल. गडद रंगाला चालणार नाही. गडद रंग उजेड गिळतो, यंत्राची फसगत होते. तिथे हाताने रंग घ्यायचा, कागदावर पट्टी ओढायची, वाळू द्यायची, दारात जाऊन डोळ्यांनी बघायची. मी नवी असताना एकदा पट्टी न ओढता गडद तपकिरी दिला होता. गिऱ्हाइकाचा अख्खा दिवाणखाना जांभळा झाला. तो माणूस अजून आमच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडतो.

"बाई," मी म्हटलं, "हे यंत्र शून्य कुणाच्या बोटावर केलं? बनवताना कुणाची बोटं घेतली?"

नर्सने ताईच्या बोटाकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या लोकांवर हा कधीकधी चढा आकडा दाखवतो, असं म्हणतात. मी दोन-तीनदा बघितलंय."

"मग पट्टी कशी ओढतात इथे? खरं कशात कळतं?"

"मनगटातल्या धमनीचं रक्त काढलं की. पाच मिनिटांत कळतं. पण डॉक्टरांनी सांगायला लागतं. मी सांगून चालत नाही. मागच्या महिन्यात सांगितलं होतं..." तिचंही "घरचा ताण" असं काहीतरी झालं असावं.

मी पडदा सारून पलीकडे गेले. "डॉक्टर, हिच्या धमनीतलं रक्त तपासा."

"काय?"

"चिमटा काळ्या बोटावर चढा दाखवतो. रक्त बघा."

तो हसला. चिडला नाही, हेच तर वाईट. "कुठे ऐकलंत हे?"

"मी रंगाच्या दुकानात..."

"ही काय रंगाची डबी आहे का?" तो म्हणाला, आणि पलीकडचा पेशंटही हसला, ज्याच्या पायाला पट्टी चालली होती. "त्या तपासणीत सुई खोल जाते, दुखतं. उगाच कशाला? बहिणीला घरी न्या, आराम द्या. तुम्हीही घ्या."

मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. आवाज चढल्याबरोबर मी त्याच्या डोळ्यांत पलीकडची कांगावखोर बाई झाले. ते मला दिसलं, जसं ओला रंग वाळताना फिका होत जाताना दिसतो. आता मी त्याला घड्याळातले वाजले किती हे सांगितलं असतं तरी त्याने ते खोटं धरलं असतं.

बाहेर येऊन मी भावोजींची कॉलर धरली.

"एक वाक्य पाठ करा."

"कुठलं?"

"'माझ्या पत्नीच्या धमनीतील रक्ताची प्राणवायूसाठी तपासणी करावी, असं मला वाटतं.'"

"पण हे तर तू आत्ताच सांगितलंस. मी ऐकलं. अख्ख्या मजल्याने ऐकलं."

"मी सांगितलं म्हणूनच तुम्ही सांगायचं. म्हणा."

"माझ्या पत्नीच्या... सावकाश, मेव्हणीबाई, सावकाश."

"आज सावकाश म्हणालात तर तोच ब्रेक तुमच्या डोक्यात घालेन."

ते गेले. मी पडद्याआड कान लावून उभी राहिले. भावोजींनी घसा खाकरला, वाक्य म्हटलं, "धमनीतील" शब्दावर अडखळले, परत म्हटलं.

मग डॉक्टर म्हणाला, "हं. शंकेला जागा नको, हे खरं. तुम्ही या विषयातलं काही वाचता का?"

"हो," भावोजी म्हणाले. माणसाने आयुष्यात वाहतुकीच्या नियमांशिवाय काही वाचलेलं नाही.

"चांगलं आहे. पेशंटच्या घरचे असे सुशिक्षित असले की बरं पडतं."

तेच वाक्य. तोच दवाखाना, तीच बाई, तेच मनगट. माझ्या तोंडून कांगावा आणि त्यांच्या तोंडून शिक्षण. राग आला का? आला. पण तेव्हा रागवायला वेळ नव्हता. नर्स सुई घेऊन धावतच आली होती, जणू ती पडद्यामागे हातात घेऊनच उभी होती.

सुई खरंच दुखते. ताईने डोळे मिटले, आणि नर्सने "दुखतंय का" विचारल्यावर अर्थातच "थोडं" म्हणाली.

पाच मिनिटांनी कागद आला. नर्सने वाचला आणि डॉक्टरच्या हातात दिला. त्याने वाचला. परत वाचला. ताईच्या बोटाला चिमटा पुन्हा लावला: चौऱ्याण्णव. कागद: चौऱ्याऐंशी. त्याने चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावून बघितला, मग झटकला, जसं आपण बंद घड्याळ झटकतो. त्याचे कान हळूहळू तांबडे झाले. गोऱ्या माणसाची एवढी एक सोय असते, लाज वाटली की लांबून दिसते.

मग मात्र दवाखाना पळाला. चाकाची खुर्ची आली, नाकावर मास्क आला, छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसं तळापासून निम्मी पांढरी. न्यूमोनिया. हिरवी चिठ्ठी कुणीतरी उचलून लाल केली. तीच चिठ्ठी घेऊन आम्ही बाकावर पन्नास मिनिटं बसलो होतो.

डॉक्टर भावोजींचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही वेळेवर बोललात. नाहीतर त्या गोळीने आज झोपेतच..."

"मी नाही बोललो," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "ही बोलली. तीनदा. मी फक्त हिचं वाक्य माझ्या तोंडातून काढलं, तेही अडखळत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही ऐकत होता की तेव्हा! मग ऐकू का आलं नाही?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "माफी नंतर मागा, आधी औषध सुरू करा. आणि त्या झोपेच्या गोळीवर काट मारा." त्याने काट मारली. एवढी जोरात मारली की कागद फाटला.

ताईला वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं. सलाईन, औषधं, प्राणवायू. संध्याकाळी ती चौदापर्यंत मोजायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी डबा घेऊन वॉर्डात शिरले तर तिच्या तोंडावर मास्क नाही. तो भिंतीच्या खुंटीवर लटकतोय. ताई उशीला टेकून बसलेली, ओठ परत तसेच, आणि मला बघून म्हणते, "थोडं... बरं आहे."

"मास्क कोणी काढला?"

वॉर्डातली नर्स वेगळी होती. म्हणाली, "आकडा शहाण्णव आलाय. पंच्याण्णवच्या वर गेला की काढायचा, तसा नियमच आहे."

"आकडा कशावर?"

"कशावर म्हणजे? चिमट्यावर."

तेच परत! खाली एका मजल्यावर जे कळलं होतं ते दोन जिने चढून वर आलंच नव्हतं. भरतीचा कागद आला होता. पण कागदावर फक्त "भरती" आणि "न्यूमोनिया". चिमटा चुकला होता हे कुणी लिहिलंच नव्हतं. आपली चूक कोण लिहितं?

मी मास्क उचलून ताईच्या तोंडाला लावला. नर्स म्हणाली, "हात लावायचा नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही लावा." ती म्हणाली, "वरिष्ठांना बोलावते." मी म्हटलं, "बोलवाच."

ती परत येईपर्यंत मी पिशवीतून दुकानाचा जाड मार्कर काढला, डब्याखालचा पुठ्ठा काढला आणि आमच्या मालकीणबाईंच्या वळणाची मोठी अक्षरं काढली: "या बोटावर चिमटा खोटा बोलतो. मास्क काढायच्या आधी धमनीचं रक्त बघा." आणि पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवला. शेजारच्या पलंगावर आमच्याकडचीच एक म्हातारी होती. तिने वाचला, स्वतःच्या बोटावरच्या चिमट्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "माझ्यासाठी पण एक काढ गं पोरी."

काढला. तिच्यापलीकडच्या बाईने मागितला. तोही काढला. पुठ्ठ्याचे तुकडे संपले, मग मी वहीची पानं फाडायला लागले.

मेट्रनबाई आल्या. उंच, गोऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्या आल्या की वॉर्डातले पंखेसुद्धा हळू फिरतात असं म्हणतात. त्यांनी ताईच्या पलंगाशी उभं राहून पुठ्ठा वाचला. मग म्हातारीचा वाचला. मग तिसरा.

त्यांनी हात वर केला आणि ताईचा पुठ्ठा फाडून काढला.

"भिंतीला काहीही चिकटवायचं नाही. रंग जातो."

"रंगाचं मला सांगू नका," मी म्हटलं. "माझी बहीण जातेय."

"मी वाचलंय," त्या म्हणाल्या. आवाजात चढ नाही, उतार नाही. नर्सकडे वळून म्हणाल्या, "कालचा रक्ताचा कागद कुठे आहे?"

नर्सने शोधला. तो तापाच्या तक्त्यामागे टाचणीला लटकत होता. मेट्रनबाईंनी वाचला, चष्मा वर सरकवला. ताईच्या तोंडावरचा मास्क स्वतःच्या हाताने घट्ट केला.

"चौऱ्याण्णवला चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "आणि हे कुणी लिहून ठेवलं नाही?"

नर्स टाचणी चाचपत राहिली.

"दहा वजा करायचे का मग?" नर्सने हळूच विचारलं.

"नाही. फरक दरवेळी तेवढाच नसतो. वजाबाकी नाही, रक्तच बघायचं." मग माझ्याकडे. "तुम्ही काय करता?"

"रंग मिसळते."

"अक्षर चांगलं आहे. पण भिंतीवर नाही चालत. भिंतीवरचं कुणीही फाडतं. आत्ता मीच फाडलं. तक्त्यावरचं फाडता येत नाही." आणि त्यांनी खालच्या डॉक्टरला फोन लावून वर बोलावलं. तो आला, मला बघून जिन्यातच दोन सेकंद थांबला. मेट्रनबाईंनी त्याच्या हातात लाल पेन दिलं. "काल काय झालं ते इथे लिहा. चिमट्याचा आकडा, रक्ताचा आकडा, दोन्ही वेळा. खाली सही."

"पण मॅडम, हे कायमचं नोंदीत..."

"म्हणूनच."

त्याने लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होते. त्याने लिहिलं, "नातेवाइकांच्या आग्रहावरून." मी म्हटलं, "कोणत्या?" तो थांबला. मग शब्द खोडून त्याने लिहिलं, "बहिणीने तीन वेळा सांगितल्यावर." आता हे अर्धसत्य होतं, मी सांगून त्याने ऐकलं नव्हतंच. पण तीनदा हा आकडा तरी खरा होता, म्हणून मी सोडलं.

सही करून झाल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, "आता शेजारच्या आजींचं." डॉक्टर म्हणाला, "त्यांचा तर पंच्याण्णव आहे." मेट्रनबाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने सुई मागवली.

म्हातारीचा निघाला नव्वद. तिच्यापलीकडच्या बाईचा त्र्याण्णव, म्हणजे चिमट्याहून एकच कमी. तिला उगाच टोचलं म्हणून ती मला दिवसभर शिव्या देत होती. हक्क होता तिचा.

ताई नऊ दिवस तिथे होती. मास्क रक्त बघूनच उतरला, सहाव्या दिवशी. आठव्या दिवशी तिने एका दमात एकतीस मोजले आणि बत्तिसाव्याला मला म्हणाली, "तू आता घरी जा आणि झोप. डोळे बघ कसे झालेत. इथे चक्कर येऊन पडलीस तर तुझं बोट बघून म्हणतील, ठणठणीत आहे बाई, न्या घरी."

मी म्हटलं, "मग तू बोल की माझ्यासाठी."

"मी बोलेन," ती म्हणाली. "पण तुझ्या भावोजींना बरोबर आण. ऐकायला कोणीतरी हवं ना."